जुन्या जीपच्या पुढच्या चाकांची थरथर

महिंद्राच्या सीजे-३बी जातीच्या जुन्या जीपचे स्टीअरिंग ठरावीक वेगाला हलके थरथरत असेल, तर प्रथम चाकांचे बॅलन्सिंग, टायरमधील हवा आणि रिमचा वाकडेपणा तपासावा. परंतु एखाद्या खड्ड्यानंतर दोन्ही चाके जोराने डावी-उजवीकडे फडफडू लागली आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ती शांत होत नसतील, तर दोष बहुधा किंगपिनच्या (ज्या खिळीवर पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते तिच्या) बेअरिंगमध्ये असतो.

मागच्या चाकांना अडण लावून पुढचा ॲक्सल जॅकवर उचलावा, खाली भक्कम स्टँड द्यावेत आणि चाक वर-खाली धरून आत-बाहेर हलवावे. ढिलाई जाणवल्यास सहकाऱ्याला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच ती नाहीशी झाली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे, कायम राहिली तर किंगपिनचे. बेअरिंगवर खाचा पडल्या असतील तर ते बदलावे; ते चांगले असेल तर किंगपिनच्या टोपीखालील शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) एकेक करून काढाव्यात, म्हणजे बेअरिंग आवळले जाते. टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) सोडल्यावर चाकाचा सांधा हाताने वळावा, पण किंचित जड. सैल फिरणारा सांधा थरथर पुन्हा आणणारच.

या जीपमध्ये ड्रॅग लिंक (स्टीअरिंगकडून येणारा दांडा) आणि दोन टाय रॉड यांच्यामध्ये बेल क्रँक, म्हणजे पिनेवर फिरणारा जोड-तरफ, असतो. त्याची झिजलेली पिन पुष्कळ मेकॅनिक तपासतच नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. स्प्रिंगच्या पाट्या ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्टही आवळावेत. कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) तीन अंश आणि टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली असणे) शेवटी जुळवावे. केवळ स्टीअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा दट्ट्या) बसवून काम भागवू नये. त्याने झीज झाकली जाते.