हरवलेल्या नाण्याचा दाखला ठोकळ्यावर कसा कोरावा

वुड एनग्रेव्हिंगची, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर बारीक कोरून चित्र छापण्याची, सुरुवात काळ्यापासून होते. काहीच न कोरलेल्या ठोकळ्याला शाई लावून छापलं, तर कागदावर नुसता काळा चौकोन उमटतो. त्यावर कोरणीची प्रत्येक रेघ पांढरी दिसते. म्हणजे आपण जे कोरतो तो उजेडच असतो. म्हणून पवित्र शास्त्रातला उतारा निवडताना आधी पाहायचं, की या प्रसंगात उजेड कुठून येतो? बायबलमध्ये अशा उताऱ्यांची वाण नाही. निकदेम रात्री येशूकडे येतो, दहा कुमारी दिवे घेऊन निघतात, तिबिर्या समुद्राच्या काठी पहाटे कोळशांचा विस्तव पेटलेला असतो. इथे आपण लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातली ८ ते १० ही वचनं, म्हणजे येशूने सांगितलेला हरवलेल्या नाण्याचा दाखला (बोधकथा), घेऊ. एका बाईकडे दहा नाणी आहेत, एक हरवतं, ती दिवा लावते, घर झाडते आणि ते सापडेपर्यंत शोधते.

'मूळ' एनग्रेव्हिंग म्हणजे ज्याने चित्र रचलं त्यानेच ते कोरलेलं. फ्रेंच चित्रकार गुस्ताव दोरेचं १८६६चं सचित्र बायबल जगभर गाजलं, पण त्यात आरेखन दोरेचं आणि कोरीवकाम व्यावसायिक कोरणाऱ्यांचं होतं. आपल्याला दोन्ही कामं एकाच हाताने करायची आहेत. त्यामुळे आरेखन कोरणीला झेपेल असंच करा.

आधी वचन वाचा

क्षण कोणता ते ठरवा. नाणं सापडल्यावरचा आनंद काढायला सोपा, पण तोंडावर हसू दाखवून चित्र तिथेच संपतं. शोधण्याचा क्षण घ्या, नाणं बघणाऱ्याला दिसू द्या आणि तिला अजून दिसू देऊ नका.

दिवसाढवळ्याही दिवा का लागावा, हे गालील प्रांतातल्या कफर्णहूमच्या उत्खननातल्या घरांवरून कळतं. भिंती काळ्या बसाल्टच्या, खिडक्या लहान, जमीन ओबडधोबड दगडांची आणि दगडांमध्ये फटी. नाणं त्या फटीतच जाणार. दिवा तळहातात मावणारा, मातीचा, वरून झाकलेला आणि एकाच चोचीचा. तिथे समई काढली तर काळ आणि जागा दोन्ही चुकतात. अर्थात प्रसंग आपल्या मातीत आणणं हाही मान्य मार्ग आहे. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात काम केलेल्या चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली, ती पूर्ण विचाराने. गालील किंवा कोकण, काहीही निवडा, पण एकाच पुस्तकात सरमिसळ नको.

कच्ची चित्रं पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने काढू नका. काळ्या कार्डपेपरवर पांढऱ्या पेन्सिलीने, ठोकळ्याच्याच मापात, सात-आठ काढा. पहिल्या कामाला ७५ × १०० मिमी माप पुरे.

छाप उलटी येते, हे शास्त्राच्या चित्रात फार महत्त्वाचं. योहान २१:६मध्ये जाळं मचव्याच्या उजव्या बाजूला टाकायचं आहे. येशूच्या अटकेच्या वेळी गेथशेमाने बागेत महायाजकाच्या दासाचा उजवा कान कापला जातो. ठोकळ्यावर सरळ काढलंत तर छापल्यावर डावा कान कापलेला दिसेल. म्हणून चित्र ट्रेसिंग पेपरवर घ्या, कागद पालथा करा आणि मगच कार्बनने उतरवा.

ठोकळा आणि कोरण्या

वुडकट या दुसऱ्या प्रकाराला खोडाच्या लांबीने कापलेली फळी लागते आणि सुरी चालते. एनग्रेव्हिंगला खोडाचा आडवा छेद लागतो. त्यात तंतू उभे असल्याने कोरणी कुठल्याही दिशेला सारखीच जाते. सर्वांत उत्तम लाकूड बॉक्सवुड, पण ते महाग पडतं. शिकताना ओट्याच्या कृत्रिम दगडाचा, म्हणजे 'कोरियन'चा (Corian), १२ मिमी जाड तुकडा चालतो. किचन ओटे बनवणाऱ्यांकडे असे तुकडे उरतात. तो ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून सपाट करा. यावर कोरण्या लवकर बोथट होतात, तेवढं सोसावं लागतं. लेटरप्रेसवर छापायचा असेल तर खाली आधार देऊन उंची २३.३ मिमी करा, कारण छपाईच्या खिळ्यांची, म्हणजे सुट्या अक्षरांची, उंची तेवढी असते.

पृष्ठभागावर पातळ केलेली काळी शाई फडक्याने लावून घ्या, म्हणजे कोरलेलं फिकट दिसेल.

सुरुवातीला तीन कोरण्या पुरतात. वळणदार रेघांना मध्यम स्पिटस्टिकर, एकसारख्या बारीक रेघांना टिंट टूल आणि पांढरी जागा मोकळी करायला गोल स्कॉर्पर. एका फटक्यात पाच-सहा रेघा काढणारी मल्टिपल टूल सध्या घेऊ नका, तिने सगळं चित्र यंत्राने काढल्यासारखं दिसतं.

धार तेलाच्या दगडावर, टोकाचा पैलू सुमारे ४५ अंशांवर सपाट टेकवून लावा. मनगट डोलू दिलंत तर पैलू गोल होतो आणि कोरणी घसरते. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून पाहा. अडकलं तर धार आहे, सरकलं तर पुन्हा दगडावर.

कोरताना

ठोकळा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवा. कोरणीची मूठ तळहातात, अंगठा ठोकळ्यावर टेकलेला आणि टोक अंगठ्याच्या पुढे दीड-दोन सेंटिमीटर. वळण घेताना कोरणीचा हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने ठोकळा फिरवा. दुसऱ्या हाताची बोटं कोरणीच्या वाटेत कधीही येऊ देऊ नका. जोर लावावासा वाटला की धार गेली असं समजा. बहुतेक जखमा बोथट कोरणीनेच होतात.

आता दिव्याकडे या. ज्योतीभोवती ताऱ्यासारखे किरण काढायचा मोह होतो, पण त्याने दिव्याचा सूर्य होतो. उजेड वस्तूंवर दाखवा. दिवा धरलेल्या बोटांच्या कडा, हनुवटीची खालची बाजू, केर काढायच्या काड्यांच्या जुडीची टोकं आणि जमिनीच्या प्रत्येक दगडाची दिव्याकडची बाजू. स्पिटस्टिकर खोल गेली की रेघ रुंदावते. म्हणून रेघ अंधाराकडून सुरू करा आणि दिव्याकडे येताना मूठ किंचित उचलत न्या. केसाएवढी सुरू झालेली रेघ उजेडात भरते. दिव्याजवळच्या दगडांवर रेघा दाट, भिंतीशी विरळ आणि कोपऱ्यात कोरणी लावूच नका. ज्योत मात्र स्कॉर्परने पूर्ण मोकळी करा, एक मिलिमीटरभर खोल, नाहीतर शाईचा रोलर तळाला टेकून तिथे डाग येतो.

नाणं दोन दगडांच्या फटीत, दोन मिलिमीटरची चंद्रकोर, एकाच फटक्यात. ते उठून दिसायला मोठं करायची गरज नाही. आजूबाजूच्या दगडांवरच्या रेघा बारीक ठेवल्या की तेवढा एकच पूर्ण पांढरा ठिपका नजर ओढतो.

मधून मधून कोरलेल्या भागात टाल्कम पावडर चोळा, छाप कशी येईल याचा अंदाज येतो. काळं कमी वाटलं तर परत आणता येत नाही, म्हणून शंका असेल तिथे थांबा आणि प्रूफ, म्हणजे चाचणीची छाप, काढा. लाकडावर कोरणी घसरलीच तर उथळ दबलेल्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा, तंतू फुगून वर येतात. खोल चरा असेल तर त्याला दगडाची फट करा.

शाई आणि छाप

तेलाची घट्ट रिलीफ शाई (ठोकळ्याच्या उठावावरून छापायची) वाटाण्याएवढी घ्या आणि काचेवर पातळ पसरा. रोलर फिरताना बारीक सरसर ऐकू आली तर थर बरोबर आहे. चिकट चटचट आवाज आला तर शाई जास्त झाली, आणि हनुवटीखालच्या बारीक रेघा सर्वांत आधी बुजतील. एकदाच जाड लावण्यापेक्षा आठ-दहा वेळा पातळ लावा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात शाई सैल पडते, तेव्हा चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळा.

पातळ, गुळगुळीत जपानी कागद ठेवा, वर बटर पेपर आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. एक कोपरा उचलून पाहा, फिकट असेल तर तिथे पुन्हा घासा.

पुस्तकात मजकुराशेजारी चित्र घालायचं असेल तर देवनागरीची शिरोरेषा लक्षात घ्या. तिच्यामुळे पान वरून आडवं गडद दिसतं. अगदी नाजूक राखाडी चित्र त्यापुढे विरून जातं, म्हणून निदान एक भरीव काळा भाग ठेवा. ऑफसेट छपाईसाठी चांगली छाप १२०० डीपीआयवर, राखाडी छटांशिवाय, फक्त काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करा.

काम झाल्यावर लाकडी ठोकळा रॉकेलमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, पाण्याने धुवू नका. तो आडवा न ठेवता कडेवर उभा ठेवा, दोन्ही बाजूंना सारखी हवा लागेल असा. पावसाळ्यात आडवा पडलेला ठोकळा वाकतो आणि मग मधली छाप फिकट येते.