दाराशी छत्री-रेनकोटचं स्टँड: आधी पाण्याची सोय करा

घोडबंदर रोडवर राहायला आल्यावर आम्ही खुंट्यांसकट तयार शू-रॅक आणलं. जूनमध्ये ऐटीत उभं होतं. गणपती येईपर्यंत खालची फळी पुरीसारखी फुगली. पार्टिकल बोर्ड होता, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला. पुढच्या वर्षी स्टँड सुताराकडून करून घेतलं, ते असं.

आधी जागा. दारामागची भिंत सोडा, कडीच्या बाजूची घ्या. ये-जा करायला तीन फूट मोकळे राहायला हवेत. सोसायटीच्या पॅसेजमध्ये मांडायचा मोह आवरा. आग लागली तर सगळ्यांची पळायची वाट तीच.

मग प्लाय. मरीनच घ्या, म्हणजे पाण्याला टिकणारा; त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. कापलेल्या कडा मात्र पट्टी लावून बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. सुतार ‘दोन दारं लावून देतो’ म्हणेल. नको म्हणा. ओला रेनकोट कोंडला की बुरशी आलीच.

साडेपाच फुटांवर स्टीलच्या खुंट्या, दोन खुंट्यांत आठ इंच. मुलांसाठी साडेतीन फुटांवर वेगळ्या. वर फूटभर रुंद फळी, टोप्या आणि हेल्मेटसाठी. छत्र्यांना खाली आडवा रॉड, त्याखाली ट्रे. आमच्याकडे जुनी स्टीलची परात आहे, तिला तोड नाही.

भिंतीला भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, आत वायर असते. प्लास्टर संपल्यावर पडणारी भुकटी बघा. लाल असेल तर वीट, साधा प्लग चालतो. पांढुरकी असेल आणि ड्रिल लोण्यासारखं आत जात असेल, तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे. बऱ्याच नव्या टॉवरांत तेच. तिथे ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद करा आणि लांब प्लग वापरा, नाहीतर चार ओल्या रेनकोटांच्या ओझ्याने खुंटी भोकासकट हातात येईल.

छत्री पट्टा न लावता, टोक खाली करून लटकवा. घडी घालून ठेवली की काड्या गंजतात. आणि परात रोज ओता. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. आमच्याकडे सकाळी जो पेपर आत घेतो, परात ओतायचं काम त्याचंच.