तांबोल्यात 'बोगी' टाळायची असेल तर
सोसायटीच्या गणपतीत किंवा भिशीला तांबोला (पुकारलेले आकडे तिकिटावर खोडायचा खेळ, हाउजी) असला, की तिकीट हातात येताच कॉर्नर्सना गोल करून ठेवा. नवखे हमखास इथेच चुकतात. तिकिटाच्या टोकाची घरं रिकामीही असू शकतात. वरच्या आणि खालच्या ओळीतला पहिला व शेवटचा आकडा, हे खरे कॉर्नर्स. म्हणजे वरची ओळ १२ ने सुरू होऊन ७८ वर संपत असेल, तर तेच दोन. बाकी बक्षिसांत अर्ली फाइव्ह म्हणजे कुठलेही पहिले ५ आकडे, लाइन म्हणजे एका ओळीतले पाचही, फुल हाऊस म्हणजे सगळे १५. बक्षिसासाठी लागणारा शेवटचा आकडा लागला की लगेच ओरडून क्लेम करा! पुढचा आकडा पुकारला, की क्लेम बहुतेक ठिकाणी बाद धरतात. चुकीचा क्लेम म्हणजे बोगी, आणि मग सहसा अख्खं तिकीटच बाद. सेकंड हाऊस, म्हणजे दुसऱ्या फुल हाऊसलाही बक्षीस, आहे का, तेवढं आधी विचारून घ्या.