दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला कॉल करताना

सॉलिडिटीत (इथेरियम ब्लॉकचेनवरचे प्रोग्राम, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट, लिहायच्या भाषेत) दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टचं फंक्शन वापरायचं असेल तर त्याचा इंटरफेस (त्यातली फंक्शनं कशी आहेत ते सांगणारी यादी) लिहा, पत्ता द्या आणि त्यातूनच कॉल करा. लो-लेव्हल 'कॉल'च्या (इंटरफेसशिवाय थेट पत्त्यावर केलेल्या कॉलच्या) वाटेला शक्यतो जाऊ नका. पत्त्यावर कोडच नसला तरी तो 'ट्रू' (यशस्वी) परत देतो आणि आपल्याला वाटतं, काम झालं! इंटरफेसमधून गेलात तर व्यवहार तिथेच रिव्हर्ट, म्हणजे रद्द होतो.

समोरच्या कॉन्ट्रॅक्टला 'एमएसजी डॉट सेंडर' (कॉल करणारा) म्हणून तुमचं कॉन्ट्रॅक्ट दिसतं, वापरकर्ता नाही. टोकनच्या परवानग्या बहुतेक इथेच अडतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिल्लक आधी वजा करा, मगच बाहेर कॉल करा; नाहीतर समोरचं कॉन्ट्रॅक्ट शिल्लक कमी होण्याआधीच पुन्हा पैसे काढू शकतं. २०१६ मध्ये 'द डाओ' या इथेरियमवरच्या गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) गेले, ते हा क्रम उलटा असल्यामुळेच. सोबत रीएन्ट्रन्सी गार्डही (पहिला कॉल संपेपर्यंत फंक्शनमध्ये पुन्हा शिरू न देणारं कुलूप) लावा.