टर्मिनलवरून पाइपलाइन सुरू करताना या चुका टाळा

जळगाव, धुळे किंवा भुसावळमध्ये बसून पुण्या-मुंबईच्या ग्राहकांचे काम करणारे अनेक जण अमेझॉनची कोडपाइपलाइन (लिहिलेला कोड टप्प्याटप्प्याने तयार करून सर्व्हरवर चढवणारी सेवा) ब्राउझर न उघडता थेट टर्मिनलवरून सुरू करतात. 'स्टार्ट-पाइपलाइन-एक्झिक्यूशन' ही कमांड आणि पाइपलाइनचे नाव एवढेच द्यायचे असल्याने चुकण्यासारखे त्यात काही दिसत नाही. गोंधळ होतो तो कमांडच्या उत्तराचा अर्थ लावताना.

कमांड चालली की पडद्यावर फक्त एक्झिक्यूशन आयडी, म्हणजे त्या फेरीची ओळख, उमटतो. विनंती स्वीकारली गेली, एवढेच तो सांगतो. सोर्स (कोड घेणे), बिल्ड (तो वापरण्याजोगा बनवणे) आणि डिप्लॉय (सर्व्हरवर चढवणे) हे टप्पे त्यानंतर चालतात. रावेरहून केळीची गाडी निघाली म्हणजे माल दिल्लीला पोचला असे कोणी धरत नाही, पण आयडी दिसताच ग्राहकाला 'अपडेट झाले' असे कळवणारे मात्र भेटतात. तो आयडी आणि पाइपलाइनचे नाव 'गेट-पाइपलाइन-एक्झिक्यूशन'ला देऊन स्थिती 'सक्सीडेड' होईपर्यंत वाट पाहावी. शेल स्क्रिप्टमध्ये (एकामागून एक आपोआप चालणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये) तर ही चूक लपून राहते, कारण एक्झिट कोड शून्य, म्हणजे कमांड नीट संपल्याची खूण, आला म्हणून पुढची पायरी चालते आणि तोवर बिल्डचा पत्ताही नसतो.

उन्हाळ्यात वीज गेली, राउटर बंद पडला आणि टर्मिनल अडकले, की वीज येताच तीच कमांड पुन्हा मारण्याचा मोह होतो. आधीची विनंती पोचली असेल, तर पाइपलाइन अमेझॉनच्या सर्व्हरवर चालूच असते, तिला आपल्या विजेशी काही देणेघेणे नसते. म्हणून आधी 'लिस्ट-पाइपलाइन-एक्झिक्यूशन्स' चालवून पाहावे. मूळ सेटिंगमध्ये टप्प्याबाहेर ताटकळणाऱ्या जुन्या फेरीला नवी फेरी मागे टाकते आणि जुन्या फेरीपुढे 'सुपरसीडेड' (मागे टाकलेली) असे दिसते. ते अपयश नव्हे, त्यामुळे लॉग उपसत बसू नये.

एखादा टप्पा फसल्यावर सगळी पाइपलाइन नव्याने सुरू करणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. नवी फेरी कोडच्या शाखेतला ताजा कमिट (नोंदवलेला बदल) उचलते, म्हणजे मधल्या वेळात सहकाऱ्याने ढकललेले अर्धवट कामही सोबत जाऊ शकते. बिघाड तात्पुरता असेल, तर 'रिट्राय-स्टेज-एक्झिक्यूशन' वापरावे; ते त्याच कमिटवर तो टप्पा पुन्हा चालवते.

'पाइपलाइन सापडली नाही' अशी त्रुटी आली, तर नावाच्या स्पेलिंगबरोबर रीजनही (अमेझॉनचे सर्व्हर ज्या भागात आहेत तो) तपासावा. पाइपलाइन मुंबई रीजनमध्ये आणि आपल्या संगणकावरचे प्रोफाइल (जतन केलेली सेटिंग) भलत्याच रीजनचे, हा प्रकार नेहमीचा. परवानगी नाकारली गेल्यास 'एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी'ने आपण नेमक्या कोणत्या खात्यातून बोलत आहोत ते पाहावे.

फेरी तासन्‌तास 'इनप्रोग्रेस'वरच राहिली, तर 'गेट-पाइपलाइन-स्टेट'मध्ये एखादी मॅन्युअल अप्रूव्हल (माणसाने द्यायची मंजुरी) अडलेली आहे का ते बघावे. मूळ सेटिंगप्रमाणे ७ दिवसांत मंजुरी न मिळाल्यास तो टप्पा फसतो, आणि मंजुरी देणारा लग्नसराईत गावी गेला असेल, तर तेवढे दिवस सहज निघून जातात.