कुत्र्याचं पिल्लू कधी द्यावं? मादीच्या निवडीपासून पाठवणीपर्यंत

पाचव्या आठवड्यात पिल्लू सर्वांत गोंडस दिसतं आणि नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकं येतात. दात आलेत, बशीतलं खातंय, मग द्यायला काय हरकत आहे? हरकत आहे. पण त्याआधीच्या पायऱ्या बघू.

१. जोडी तपासा
मादी पहिल्यांदा माजावर आली की लगेच मेटिंग करू नका, तिचीच वाढ अजून चालू असते. दोन वर्षांची होऊ द्या. मोठ्या जातीत खुब्यांचे एक्स-रे काढा. नर-मादी दोघांचीही ब्रुसेलोसिसची तपासणी करा; या आजाराने गर्भ पडतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. चावरी किंवा फार बुजरी मादी कितीही देखणी असली तरी तिची वीण घेऊ नका.

२. गाभणपण
साधारण ६३ दिवस. या काळात मनानेच कॅल्शियम सुरू करू नका. पुढे दूध पाजताना मादीच्या रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येण्याचा धोका त्यानेच वाढतो.

३. पहिले दोन आठवडे
पिल्लं ओळखू येत नसतील तर गळ्यात वेगवेगळ्या रंगांची लोकर सैल बांधा आणि रोज वजन करा. वजन वाढायलाच हवं. थांबलं तर डॉक्टरांना फोन करा. गार पडलेल्या पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्या, मग दूध. गारठलेल्या पोटात दूध पचत नाही, आणि घाईने पाजूनच बरीच पिल्लं जातात.

जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत.

४. तिसरा ते आठवा आठवडा
खरी शाळा हीच. एक पिल्लू दुसऱ्याचा कान जोरात चावतं, दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. चावणारं बावचळून बघत राहतं. असं दहा वेळा झालं की दात किती लावायचे ते त्याला कळतं. अती केलं तर आई गुरगुरून दाबते. हे धडे माणसाला देता येत नाहीत. पाचव्या आठवड्यात उचललेलं पिल्लू तेच धडे नव्या घरातल्या मुलांच्या हातांवर गिरवतं. आपलं काम इतकंच: रोज हाताळा, मिक्सरचा आवाज ऐकू द्या, वेगवेगळी माणसं दाखवा.

५. पाठवणी
पूर्ण आठ आठवडे झाल्यावरच द्या. अगदी लहान चणीच्या जातीत दहा-बारा. मोजणी जन्मतारखेपासून, डोळे उघडतात दहा-चौदा दिवसांनी, तिथून नव्हे. घेणाऱ्याला आई दाखवा. सोबत लसींचा कागद, चार दिवसांचं नेहमीचं खाणं आणि आईच्या वासाचं फडकं द्या. नाही जमलं तर पिल्लू इथेच परत आणायचं, हे लिहून घ्या.

‘मुलाचा वाढदिवस आहे, आजच हवंय’ म्हणणारे हमखास भेटतात. त्यांना पिल्लाचा फोटो द्या, पिल्लू तीन आठवड्यांनी.