इंकजेटवर दरवेळी तोच रंग हवा असेल तर

आधी नोझल चेक काढा, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का हे दाखवणारं रेघांचं पान. एकही रेघ तुटलेली असेल तर पुढचं सगळं मोजमाप फुकट. तुटली असेल तरच हेड क्लीनिंग करा; उगाच केलं तर महागडी शाई वेस्ट टँकमध्ये जाते. मग हेड अलाइनमेंट, म्हणजे छापणाऱ्या हेडची जुळणी.

आता प्रोफाइल, म्हणजे छापताना रंग कसे उमटतात याची नोंद असलेली फाइल. ते नुसत्या प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरमधला (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) मीडिया टाइप, म्हणजे कागदाच्या प्रकाराची निवड, या चौघांच्या जोडणीचं असतं. यातलं एक बदललं की प्रोफाइल नवं. बाटलीतली स्वस्त शाई भरून कंपनीचं तयार प्रोफाइल वापरणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावणं.

टार्गेट चार्ट (प्रोफाइलसाठी मोजायच्या रंगचौकोनांचं पान) छापताना ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट पूर्ण बंद ठेवा. चार्ट २४ तास सुकू द्या, विशेषतः डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई असेल तर. ओल्या चार्टचे आकडे नंतर सरकतात. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या यंत्राने) मोजून आयसीसी (प्रमाणित स्वरूपातलं) प्रोफाइल बनवा.

रोजच्या छपाईत घोळ होतो तो इथे: फोटोशॉपही रंग सांभाळतं आणि ड्रायव्हरही. दुहेरी रूपांतरामुळे फोटोवर बहुधा गुलाबी झाक येते. फोटोशॉपला सांभाळू द्या, ड्रायव्हरचं बंद करा. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (छापता येणारे रंग शक्यतो तसेच ठेवणारी रूपांतराची पद्धत) निवडा, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (काळ्याची पातळी जुळवणारा पर्याय) चालू ठेवा.

प्रिंट गडद वाटते? बहुतेक वेळा मॉनिटरच फार उजळ असतो. त्याचा उजेड १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा, आणि प्रिंट ५००० केल्विनच्या (दिवसाच्या उजेडासारख्या) चांगल्या दिव्याखाली पाहा, ट्यूबलाइटखाली नको.

पावसाळ्यात कागद दमट होतो, शाई पसरते. उघडं पाकीट हवाबंद पिशवीतच ठेवा.